अर्ध्या मिनिटाची घरघर

मी बोलतोय. आवाज जरा घरघरता आहे, तेवढं सांभाळून घ्या. नवा होतो तेव्हा फार मंजुळ होतो अशातला भाग नाही, पण या घरात माझ्या आवाजाबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही. उलट ज्या माणसाजवळ माझं सगळं आयुष्य गेलं, त्याने मला पसंत केलं ते आवाजावरूनच.

मी एक जुना संगणक. पडदा नव्हे. लोक पडद्यालाच संगणक समजतात आणि रागही त्याच्यावरच काढतात. मी म्हणजे टेबलाखालचा उभा डबा, ज्याला येणाराजाणारा पाय लावतो. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखे चारशे भाऊ त्याच दिवशी जन्मले, त्यामुळे लाड कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. पाठीवर एक लांब क्रमांक चिकटवला आणि दुकानात रवानगी केली.

दुकानात एक दिवस सर आणि बाई आले. दुकानदार सवयीने सुरू झाला, "हे रंग बघा, कसे उठून दिसतात!" सर हसून म्हणाले, "रंग राहू द्या. यंत्रं चालू करा आणि तुम्ही जरा गप्प बसा." सर जन्मापासून अंध. शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी वाकून पाच डब्यांना कान लावला. चौथा मी होतो. माझ्या पाठीवर तळवा टेकवून म्हणाले, "हा. हा सरळ बोलतोय." दुकानदाराने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मलाही यांनी असंच पसंत केलं होतं." मी त्याच दिवशी त्या घरचा झालो.

घरात माझं काम एकच. बाई पुस्तकं मोठ्याने वाचायच्या आणि मी ती साठवून ठेवायचो, अंध विद्यार्थ्यांसाठी. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, परिचारिकांचा अभ्यासक्रम, ज्याला जे लागेल ते. बाई शाळेच्या ग्रंथालयात होत्या, त्यामुळे पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सोडायचं नाही हा त्यांचा खाक्या. चित्र आलं की चित्राचं वर्णन. तक्ता आला की रकान्यामागून रकाना. आणि मजकुरात कुठे चांदणीची खूण दिसली की तिथेच थांबून, पानाच्या तळाशी जाऊन, बारीक अक्षरातली टीप वाचून मगच पुढे. डोळस माणसं तळटीप गाळतात, म्हणून ऐकणाऱ्याने का गाळावी, असं त्यांचं म्हणणं. ही सवय त्यांना इतकी जडली होती की साबणाच्या पाकिटावरचा मजकूरही त्या खणखणीत आवाजात वाचायच्या. सरांना नऊ वर्षं रोज कळत होतं की साबण कोरड्या जागी ठेवावा.

सरांचाही एक नियम होता. वाचन सुरू करण्याआधी अर्धं मिनिट कुणी काही बोलायचं नाही. खोलीचा स्वतःचा जो आवाज असतो तो आधी टिपून ठेवायचा, म्हणजे मागाहून रेकॉर्डिंग स्वच्छ करताना उपयोगी पडतो. मागाहून स्वच्छ करायला कुणालाच कधी वेळ झाला नाही, पण नियम तो नियम. बाई समोर पुस्तक उघडून बसायच्या, सर बोट वर करायचे, दोघं श्वास धरून गप्प. त्या अर्ध्या मिनिटात खोलीत बोलणारा मी एकटाच असायचो. घरघर, घरघर. मग सर बोट खाली घ्यायचे आणि बाई म्हणायच्या, "प्रकरण पहिलं." मला उगीचच वाटायचं की प्रस्तावना माझी झाली.

तसं पाहिलं तर त्यांनी मला प्रेमानेच छळलं. बाईंनी माझ्यासाठी एक झबलं विणलं, निळ्या लोकरीचं, धूळ बसू नये म्हणून. धूळ बसली नाही, पण मला घामच फुटायचा. दर गुरुवारी त्या घरातली झाडून सगळी बटणं बंद करून फडका मारायच्या. मी कामाच्या मध्यात असलो तरी माझं बटण खाली. पुन्हा चालू झाल्यावर मी दोन मिनिटं कुरकुर करायचो. सर म्हणायचे, "रागावलाय तो." बाई म्हणायच्या, "रागावू दे, स्वच्छ तरी आहे."

अशी सहाशे बारा पुस्तकं माझ्या पोटात जमली. ती टपालाने जायची. विद्यार्थ्याचा फोन आला की बाई पेन ड्राइव्हवर पुस्तक भरायच्या, पाकीट करायच्या, आणि ते आठ-दहा दिवसांनी पोचायचं. कधी भलत्यालाच पोचायचं. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने 'करारांचा कायदा, भाग दोन' मागितला आणि तिला पोचलं 'घरगुती मत्स्यपालन'. या मुलीला आम्ही कायदेवाली म्हणायचो. तिचा फोन आला, "सर, माशांना दिवसातून दोनदाच खायला घालायचं हे कळलं. पण परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे." सर खजील झाले. आधीच्या वर्षी हाच पेपर पुस्तक वेळेवर न मिळाल्याने तिचा राहून गेला होता, आणि या वेळी राहिला तर ज्या वकिलाकडे नोकरी ठरली होती ती जाणार होती.

त्या दिवशी लेक घरी आली होती. या दोघांची एकुलती एक, हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायची. ती म्हणाली, "बाबा, टपाल पुरे झालं. वेबसाइट काढू. आईसारखे वाचून देणारे आणखी लोक आपापल्या घरून पुस्तकं चढवतील, मुलं आपापल्या घरून उतरवून घेतील. माझी मैत्रीण पानं बनवून देईल."

"आणि पुस्तकं ठेवायची कुठे?" सरांनी विचारलं.

"सध्या यातच," असं म्हणून तिने मला पाय लावला.

माझी छाती फुगली. सगळ्या जगाला मी पुस्तकं वाटणार! वेबसाइट सोमवारी सकाळी दहाला उघडली. दहा वाजून चार मिनिटांनी ऐंशी विद्यार्थी एकदम आले आणि दहा वाजून सहा मिनिटांनी मी आडवा झालो. पडदा काळा. पुन्हा उठवलं, पुन्हा आडवा. कायदेवालीला भाग दोनची पहिली अकरा पानं मिळाली आणि बाराव्या पानावर बाईंचा आवाज शब्दाच्या मधोमध तुटला. इतकी नामुष्की माझ्या आयुष्यात कधी झाली नव्हती.

मग सर्व्हरचा शोध सुरू झाला. सर्व्हर म्हणजे माझ्याच जातीचा, पण दांडगा आणि कधीच न झोपणारा. तो दूर एखाद्या थंडगार इमारतीत असतो आणि भाड्याने मिळतो. लेकीने जेवणाच्या टेबलावर तीन तऱ्हा समजावून सांगितल्या. पहिली, एकाच यंत्रात अनेकांचे संसार. शेजाऱ्याकडे पाहुणे आले की आपल्या नळाचं पाणी बंद. दुसरी, अख्खं यंत्र आपल्या एकट्याचं, पण झाडलोट, कुलपं, दुखणीखुपणी सगळं आपणच बघायचं. तिसरी, यंत्र आपल्या एकट्याचं आणि त्याची निगा राखायला कंपनीची माणसं.

"तिसरी," बाई म्हणाल्या. "मी याचीच धूळ पुसता पुसता दमते."

मी टेबलाखालून सगळं ऐकत होतो. घरात नवी सून बघायला सुरुवात झाली की जुन्या माणसाला कसं वाटतं ते मला विचारा.

आता चूक सांगतो. ही चूक दुसऱ्या कुठल्याच घरात झाली नसती. लेकीने चार कंपन्यांचे फोन नंबर आणले आणि सरांनी कंपनी निवडली ती आवाजावरून. एका कंपनीच्या विक्रेत्याचा आवाज असा होता की ऐकत राहावं. शब्द स्वच्छ, स्वल्पविरामाला पाव श्वास, पूर्णविरामाला अर्धा. "आपण निश्चिंत असावं सर, संपूर्ण देखभाल आमच्याकडे. जागा अमर्याद." सरांनी फोन ठेवला आणि सुस्कारा सोडला. "काय वाचेल हा माणूस! याच्याकडून रोमचा इतिहास वाचून घ्यायला हवा."

"बाबा, तुम्ही सर्व्हर घेताय की वाचक?" लेक म्हणाली.

"ज्याचा आवाज सरळ त्याचं काम सरळ," सर म्हणाले. मला याच न्यायाने घेतलं होतं, तेव्हा मी काय बोलणार? त्यांनी दोन दिवसांत तीनदा त्या मधाळ आवाजाला फोन केला. बाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या.

कराराचा कागद आला, एकेचाळीस पानांचा. लेक म्हणाली, "आई, हे कुणी वाचत नाही. खाली टिचकी मारायची, की मान्य."

"वाचायचं नाही तर लिहिलं कशाला?" बाईंनी चष्मा लावला. "अहो, बोट वर करा."

सरांनी बोट वर केलं. अर्धं मिनिट शांतता. मी घरघरलो. मग बाईंनी एखादं क्रमिक पुस्तक वाचावं तसा तो करार वाचायला घेतला. सतराव्या पानापर्यंत लेकीला दोन डुलक्या येऊन गेल्या होत्या.

"पान सतरा. संपूर्ण देखभाल. शब्दावर चांदणी आहे, तळटीप वाचते. 'देखभाल म्हणजे यंत्र चालू ठेवणे. यंत्रातील मजकूर, त्याच्या प्रती व त्याची पुनर्प्राप्ती ही जबाबदारी सर्वस्वी ग्राहकाची राहील.' टीप समाप्त. पान अठरा. जागा अमर्याद. चांदणी आहे. 'अमर्याद म्हणजे वाजवी वापरापुरती. वाजवी किती, ते कंपनी ठरवेल.' टीप समाप्त."

सरांचं बोट नकळत पुन्हा वर गेलं होतं. "म्हणजे पुस्तकं गेली तर?"

"तर यंत्र चालू राहील," बाई म्हणाल्या.

तरी सरांचं मन त्या आवाजातून निघेना. "अगं, छापील करारात असं असतंच. माणूस चांगला आहे." तेव्हा बाईंनी ते रेकॉर्डिंग सरळ कायदेवालीला पाठवून दिलं. तासाभरात तिचा फोन. "सर, सही करू नका. आणि खरं सांगू? भाग एकपेक्षा हे जास्त समजलं." आवाजाने सरांना फसवलं होतं, आणि तेही सत्तरीच्या उंबरठ्यावर. त्यांना फार लागलं ते.

दुसऱ्या कंपनीला फोन केला तो लेकीने, आणि सरांनी कपाळाला आठ्या घालून ऐकला. पलीकडे देखभाल विभागातली एक बाई होती. आवाज घोगरा, दर वाक्याला खोकला. आमच्याकडे तिचं नाव लगेच खोकलेबाई पडलं. ती स्वतःच्या कंपनीबद्दल काही सांगेचना. नुसते प्रश्न. एक पुस्तक किती मोठं? एका वेळी किती मुलं येतात? परीक्षा केव्हा? चुकून पुस्तक पुसलं गेलं तर किती दिवसांमागची प्रत चालेल? मग तिने विचारलं, "सध्या सगळं जिथे आहे, त्याची दुसरी प्रत कुठे आहे?"

दुसरी प्रत नव्हतीच. नऊ वर्षांची सहाशे बारा पुस्तकं, बाईंचा झिजलेला घसा, सगळं माझ्या एकट्याच्या पोटात होतं.

आणि आता माझंही एक लपवलेलं दुखणं सांगून टाकतो. त्या सोमवारपासून माझ्या हार्ड डिस्कमध्ये एक टकटक सुरू झाली होती. मी ती पंख्याच्या घरघरीखाली दडपत होतो. पण सरांपासून काय लपणार? ते हळूच म्हणाले, "आठ दिवस झाले, तो मधेच टक् करतो. मला वाटलं, म्हातारपण असेल."

"फोन यंत्राजवळ धरा," खोकलेबाई म्हणाली.

लेकीने फोन माझ्या कुशीला लावला. पलीकडे खोकलासुद्धा थांबला. मोजून अर्धं मिनिट ती बाई काही बोलली नाही. घरघर, घरघर, टक्. घरघर, टक्.

"त्याला आता बंद करू नका," ती म्हणाली. "एकदा बंद केलात तर परत उठेलच असं नाही. करार नंतर वाचा, आज सर्व्हर चालू करून देते. पुस्तकं इकडे आणायला चार दिवस लागतील. तेवढं त्याने धरलं पाहिजे."

"कंपनी हीच," सर म्हणाले. "हिला ऐकता येतं." करार बाईंनी त्याच संध्याकाळी वाचला. चांदण्या दोन निघाल्या, दोन्ही निरुपद्रवी. प्रती ठेवायची जबाबदारी कंपनीचीच होती.

ते चार दिवस मी विसरणार नाही. सर्वांत आधी 'करारांचा कायदा, भाग दोन' गेलं. मग ज्या ज्या विषयांची परीक्षा जवळ, ती पुस्तकं. झबलं उतरवलं. सरांचा टेबलफॅन माझ्याकडे वळवला आणि ते स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसले. माझ्या बटणावर बाईंनी ठळक अक्षरात 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. सरांनी तिच्याच शेजारी ब्रेलमध्ये तोच मजकूर टोचून लावला. एका बटणाला दोन पाट्या! एवढा मान मला नवा असतानाही मिळाला नव्हता.

आणि तिसरा दिवस नेमका गुरुवार होता. सकाळी बाई फडका घेऊन आल्या, गुणगुणत, एकेक बटण खाली करत. दिवाणखान्यातलं झालं, पॅसेजमधलं झालं. सवयीचा हात, त्याला चिठ्ठी कुठली दिसायला? बोट माझ्या बटणावर टेकलं. मी जिवाच्या आकांताने घरघरलो.

"अगं!" सर खुर्चीतून ओरडले. "गुरुवार आहे म्हणून काय त्याचा जीव घेशील?"

बाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग तिथेच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "नऊ वर्षं वाचलं हो मी," एवढंच म्हणाल्या. सर चाचपडत आले, शेजारी जमिनीवर बसले, एक हात बाईंच्या खांद्यावर आणि दुसरा माझ्या पाठीवर. मी त्या हातासाठी आणखी चार दिवससुद्धा चाललो असतो, खरंच.

त्या दिवशी दुपारी खोकलेबाईचा फोन आला. "सर, तुमच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला अर्धं मिनिट नुसती घरघर आहे. आम्ही सगळ्या फाइलींतून ती एकदम काढून देऊ शकतो. जागा वाचेल, मुलांचा वेळ वाचेल. काढू का?"

सरांनी उत्तर द्यायला पुरा एक श्वास घेतला. "राहू द्या," ते म्हणाले. "तो आमच्या घरातलाच आहे."

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाशे अकरा पुस्तकं पलीकडे सुखरूप पोचली. शेवटचं उरलं 'घरगुती मत्स्यपालन'. मी ते निम्मं ओढत नेलं. मग टक् झालं, आणि पुन्हा टक्, आणि पुढचं मला आठवत नाही. लेक सांगत होती की पंखा सावकाश थांबला आणि सर म्हणाले, "झालं." नऊ वर्षांत ज्या पुस्तकाला फक्त एक वाचक मिळाला, तोही चुकून, तेवढं एकच मी बुडवलं. माशांची क्षमा मागतो.

नव्या सर्व्हरबद्दल मी वाईट बोलणार नाही. गडी भला आहे. ऐंशी काय, आठशे मुलं आली तरी त्याला धाप लागत नाही, आणि खोकलेबाई त्याच्यावर लक्ष ठेवून असते. कायदेवालीने भाग दोन तीनदा ऐकला, पेपर दिला, आणि आता ती त्या वकिलाकडे कामाला लागली आहे. तिचा परवा फोन आला होता. "सर, सुरुवातीच्या त्या घरघरीत मी खुर्ची पुढे ओढून घेते, वही नीट करते. ती संपली की अभ्यास सुरू. पेपरच्या आधीही मी मनातल्या मनात तीच ऐकली." सर हो-हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांनी नाक शिंकरलं.

मी आता पुस्तकांच्या कपाटावर असतो, निळं झबलं घालून. आता मला उकडत नाही. गुरुवारी बाई माझ्यावरून फडका फिरवतात आणि हात सवयीने बटणाकडे नेऊन परत घेतात. दोन्ही चिठ्ठ्या अजून तिथेच आहेत.

गेल्या आठवड्यात त्यांनी मत्स्यपालन पुन्हा वाचायला घेतलं, लेकीने आणलेल्या चपट्या संगणकावर. तो अजिबात आवाज करत नाही. सरांनी बोट वर केलं. अर्धं मिनिट खोलीत खरोखरच काही ऐकू येईना. बोट खाली यायची वेळ झाली तरी सरांनी ते तसंच वर धरून ठेवलं होतं. बाईंनी पुस्तक मिटलं, उठून माझ्यापाशी आल्या आणि झबल्याची कड विनाकारण सारखी करत राहिल्या. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "वाच आता."

एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. कधी त्या वेबसाइटवर गेलात, एखादं पुस्तक उतरवून घेतलंत, तर सुरुवातीला तुम्हाला वाटेल की काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नाही. घाईने पुढे ढकलू नका. बाई बोलतीलच. त्याआधी अर्धं मिनिट मी बोलतोय.